पहिलीचा वर्ग देवळात बसायचा

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. कुणाची भीड आहे म्हणून नव्हे. एका गावाचं नाव घेतलं की बाकीची गावं निर्धास्त होतात, आणि मला कुणालाच निर्धास्त करायचं नाही. इंदापूर तालुक्यातलं, निरवांगीच्या बाजूचं गाव, एवढं पुरे. नीरेच्या पाण्यावर ऊस उभा होता, घरटी एक तरी माणूस कारखान्याचा सभासद होता, आणि शाळेला मात्र दोनच खोल्या होत्या. तिसऱ्या खोलीचे पत्रे कधीकाळी वावटळीत उडाले होते. ती नव्यानं कुठं बांधायची यावर दोन भावक्यांचं वाजलेलं, त्यामुळं पडक्या भिंतींत शेळ्या बसायच्या आणि पहिलीचा वर्ग मारुतीच्या देवळात बसायचा. मी डी.एड. होऊन बारामतीहून तिथं हजर झाले तेव्हा एकवीस वर्षांची होते, दोन इस्त्रीच्या साड्या होत्या आणि मला वाटत होतं की जगातलं कुठलंही पोर मी वाचायला शिकवू शकते.

हेडगुरुजी वाईट माणूस नव्हते. हे मी आज म्हणते. तेव्हा म्हणत नव्हते. त्यांनी माझा कागद वाचला, आडनाव वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बनसोडे बाई, तुमच्याकडं पहिली. देवळात बसते. तेवढं एक करा, तुम्ही मंडपात जाऊ नका. खालीच उभ्या राहा. मंडप उंच आहे, सगळी पोरं दिसतात." जणू माझ्याच सोयीसाठी मारुतीचा मंडप कुणीतरी कमरेएवढ्या उंचीवर बांधून ठेवला होता. समोरच्या कडुलिंबाला फळा टेकवलेला होता. पोरं वर, सावलीत, घोटलेल्या दगडी फरशीवर. आमच्या वस्तीतली पोरं तिथंच पण पायरीवर. आणि बाई खाली, उन्हात, फळ्याजवळ. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी ते फारसं लागलंही नाही. आमच्या घरात देव नव्हते. माझे वडील, आबा, लहान असताना आजोबांनी दीक्षा घेतली आणि घरातले टाक, देव टोपलीत भरून कऱ्हा नदीत सोडले, ही गोष्ट ऐकत मी वाढले होते. मला कुठं देवळात जायची हौस होती? असं मी माझ्या मनाला सांगितलं, आणि ते मनाला पटलंही.

राहायला होते वस्तीत, सोनाआत्याकडं. आबांची ही चुलत बहीण. गावात खोली मागितली तर ज्याला त्याला नेमका त्याच आठवड्यात पाहुणा यायचा होता. आत्याचं घर दोन खणांचं, पण चुलीपुढची जागा रोज सारवलेली. पहाटे ती बाजरीच्या भाकरी थापायला बसली की तिच्या हाताच्या आवाजानं मला जाग यायची. त्या आवाजामागं लांबवर कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार घरघरत असायची, आणि कारखान्याचं गळीत सुरू झालं की उसाच्या बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज. हुलग्याचं पातळ माडगं, लसूण घातलेली शेंगदाण्याची चटणी, कधी सुकट. आत्या बोलायला फटकळ आणि वाढायला सढळ. मी कुरकुरले की म्हणायची, "गप ऱ्हा बाय. आमी त्या देवळाच्या सावलीला बी उभं न्हाय ऱ्हायलो. तू तितं फळ्यावर लिवतीस. आजून काय पायजे तुला?" मी भाकरी मोडून खायची.

पण पहिलीला शिकवणं म्हणजे भाषण देणं नाही. पहिलीचं पोर फळ्याकडं बघून अक्षर शिकत नाही. त्याच्या मागं बसावं लागतं, त्याचा पेन्सिल धरलेला हात आपल्या हातात घ्यावा लागतो आणि पाटीवर फिरवावा लागतो. ग असा वळतो, म अशी गाठ घेतो, हे डोळ्यांनी कळत नाही, मनगटाला कळतं. अध्यापक विद्यालयात आमच्या बाईंनी आम्हाला हेच घोटून शिकवलं होतं. आणि मी खाली उभी. पोरं पाट्या मंडपाच्या कडेपर्यंत सरकवायची, मी त्या तपासून परत सरकवायची. मागच्या रांगेतलं पोर पाटीवर बैल काढतंय की भ काढतंय मला दिसायचं नाही. ओरडून ओरडून घसा बसला. दिवाळीच्या सुट्टीआधी हेडगुरुजींनी पोरांना एकेक करून उभं केलं, आणि बहुतेकांना स्वतःचं नावही लिहिता येईना. गुरुजी सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "असू द्या बाई. तुमच्या लोकांचं कसं आहे, जागा राखीव असते, पण शिकवण्याची कला राखीव नसते ना. झेपत नसेल तर बदली मागून घ्या. आपण सही करतो लगेच." आणि हसले. वर्गात दोघं-तिघं पोरं उगीच हसली, गुरुजी हसले म्हणून.

मला आजही त्या हसण्याचा राग येतो. साठी ओलांडली, गुडघे गेले, पण तो राग ठणठणीत आहे. मात्र तेव्हा राग आला नाही, हेच वाईट. तेव्हा मला गुरुजींचं खरं वाटलं. अध्यापक विद्यालयात माझा पहिला नंबर होता, सरावपाठाला माझा वर्ग बघायला दुसऱ्या मुली यायच्या, आणि तरी चार महिन्यांत मला वाटायला लागलं की आपल्याला शिकवता येत नाही. जागा मिळाली म्हणून आपण बाई झालो. सुट्टीत बारामतीला जाताना एसटीच्या खिडकीशी बसून मी ठरवलं, की ही नोकरी सोडायची आणि कुठंतरी कारकुनी बघायची. फायलींना हात लावला तर कुणी काही बोलत नाही.

आमचं बारामतीचं घर म्हणजे एक खोली, एक पडवी आणि आवाज. आई स्टोव्हला पंप मारायची, शेजारचा रेडिओ आमच्याही घरात वाजायचा, आणि आबा एसटीच्या वर्कशॉपमधून आले की मोरीत बराच वेळ हात घासायचे. तरी त्यांच्या हाताला ग्रीसचा वास असायचाच. भिंतीवर दोनच तसबिरी. त्या कुणाच्या हे सांगायला नको. संध्याकाळी वंदना झाल्याशिवाय ताट मिळत नसे. त्या दिवशी आईनं मी आले म्हणून मटण केलं होतं, काळ्या मसाल्याचं, वर बोटभर तवंग. मी जेवताना सांगून टाकलं, की मला शिकवायला जमत नाही.

आबा जेवायचे थांबले. "न्हाय जमत म्हंजी? काय जमत न्हाय?"

मग मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. मंडप, लिंब, फळा, सरकणाऱ्या पाट्या. आबा यंत्राचे माणूस. बिघाड कुठं आहे हे विचारल्याशिवाय त्यांना पुढं जाता येत नसे. "पोरांचा हात धरता येत न्हाय, म्हून त्यास्नी लिवता येत न्हाय. असंच ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग तुला शिकवता येत न्हाय, ह्ये कुठनं काढलं?"

इतकी सरळ गोष्ट होती, आणि मी चार महिने ती स्वतःच्या अंगावर घेऊन फिरत होते. माझ्यात खोट नव्हती. माझ्या आणि पोरांच्या मधे दगडाचा कट्टा होता. मी हात खरकटाच ठेवून म्हणाले, "आबा, मी वर जाणार."

आता आबांचा चेहरा बदलला. "देवळात? आपल्या बापजाद्यानं देव कऱ्हेत सोडलं, आन तू देवळात जाती म्हंतीस?"

"मला देवळात न्हाय जायचं. मला वर्गात जायचंय. त्यांनी वर्ग देवळात भरवला, त्याला मी काय करू?"

स्टोव्ह फुरफुरत होता. आई मधेच म्हणाली, "जेवा की आधी. गार व्हतंय." आबांनी बराच वेळ भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून ठेवला. मग विचारलं, "पाया पडणार का त्येच्या?"

"न्हाय."

"मग जा," आबा म्हणाले, आणि नळी ओढू लागले.

जायचं म्हटलं तरी मी लगेच गेले नाही. सुट्टी संपली, मी परत खाली उभी राहिले, रोज पायरीकडं बघत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते. धीर गोळा करायचा म्हणजे काय असतं हे भाषणं देणाऱ्यांना माहीत नसतं. हल्ली शिक्षकांच्या प्रशिक्षणात आत्मविश्वासावर एक तास असतो. निवृत्तीच्या अलीकडं मी अशाच एका तासाला बसले होते. शिकवणारा तरुण चुणचुणीत होता, म्हणाला, आत्मविश्वास आतून येतो. मी मनात म्हटलं, येतो बाबा, पण त्याला चढायला पायरी मोकळी लागते.

पायरी मोकळी केली ती खुद्द हेडगुरुजींनीच. विस्तार अधिकारी तपासणीला येणार असा निरोप आला आणि गुरुजींची धांदल उडाली. सकाळीच ते देवळाशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आजचा दिवस तुम्ही वर बसा. साहेबांना बरं दिसणार नाही. बापूरावांशी मी बोललोय." बापूराव म्हणजे सरपंच. म्हणजे गावाची परवानगी आली होती, एका दिवसाची. मी चपला काढल्या, पायऱ्या चढले आणि मंडपात गेले. गाभाऱ्याकडं पाठ केली, कारण पोरांची तोंडं बाहेर फळ्याकडं होती. वस्तीतल्या पोरांना पायरीवरून उठवून आत घेतलं. कुणी अडवलं नाही, आज साहेब यायचे होते.

आणि मी रूपालीच्या मागं बसले. ही बापूरावांची नात, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि पाटीवर चार महिने नुसत्या रेघोट्या. मी तिचा हात माझ्या हातात घेतला. हात तेलकट होता, गरम होता, आणि पेन्सिल इतकी आवळून धरलेली की बोटं पांढरी पडली होती. म्हटलं, सैल सोड. मग आम्ही दोघींनी मिळून ग काढला. पुन्हा काढला. तिसऱ्या वेळी मी हात सोडला आणि तिनं एकटीनं काढला. ती वळून माझ्याकडं बघून हसली. मी पुढच्या पोराच्या मागं जाऊन बसले. त्या क्षणी मला कळलं की मला शिकवता येतं, आणि आता कुणाच्या बापाला हे माझ्याकडून काढून घेता येणार नाही.

साहेब आले, पोहे खाल्ले, दोन पोरांना पाढे विचारले आणि दुपारी जीपमधून गेले. जीपचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच हेडगुरुजी देवळापाशी आले. "हं, उतरा आता बाई."

"का?"

"साहेब गेले ना."

"पोरं आहेत अजून," मी म्हणाले आणि पाटीकडं वळले.

गुरुजींना वाटलं मी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. शाळा सुटेपर्यंत मी उतरले नाही आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर सरळ वर चढले. तासाभरात पायऱ्यांखाली माणसं जमली. बापूराव पुढं होते, पांढरा शर्ट, खांद्यावर उपरणं, तालेवार माणूस, आवाज कधी चढवायची गरज न पडलेला.

"बाई, खाली या. गावाची रीत हाय."

"बापूराव, कालही हीच रीत होती ना? काल तर मी वरच होते. तुमच्याच परवानगीनं."

"काल सायेब व्हतं."

"म्हणजे साहेबांना दाखवायला मी बाई, आणि पोरांना शिकवायला नाही?"

मागून कुणीतरी ओरडलं, "कोट्यातनं आलीय, तरी बगा तोरा!" मी बसूनच राहिले. मी म्हणाले, "कोट्यातनं आले. आले ती आले. आता जाणार नाही. ज्याला मला काढायचं असेल त्यानं पंचायत समितीत जाऊन सांगावं, की बाई वर्गात बसून शिकवते, तिला काढा. लेखी सांगा. मी हितंच हाय." मला रागात गावाची बोली येते, ती तेव्हाही आली. लेखी म्हटल्यावर बापूरावांनी उपरणं सारखं केलं. लेखी तक्रार करायची तर काय लिहायचं, हा त्यांच्यापुढं मोठा प्रश्न होता. मी पोरांना मोठ्यानं म्हणायला लावलं, ग गवताचा, म मगरीचा, आणि त्या कल्ल्यात खालचं बोलणं मला ऐकू येईना.

त्यांनी पोरं काढून घेतली. दुसऱ्या दिवशी मंडपात वस्तीतली पोरं, दोन धनगराची आणि मी, एवढेच. सोनाआत्या रात्री माझ्याशी बोलली नाही. तिला गावात खुरपायला जायचं होतं, आणि तिला आता कुणी बोलवत नव्हतं. एकदा म्हणाली, "तू बदलून जाशील, आमाला हितंच मरायचंय." हे मला फार लागलं, कारण ते खरं होतं. मी तिला म्हणाले, "आत्या, मी बदली मागणार न्हाय. मागितली तर तुझ्या दारात येणार न्हाय." सकाळी माझ्या डब्यात नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त होती.

पुढं कुणाचं मनपरिवर्तन झालं असं वाचणाऱ्याला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. कांद्याची लागण आली. बायांना उजाडल्यापासून रानात जायचं, आणि घरी शाळा बुडवलेली पोरं. ती रोपं तुडवतात, पाटात उतरतात, धाकट्यांना मारतात. चार दिवस बायांनी सोसलं. पाचव्या दिवशी रूपालीची आई, म्हणजे बापूरावांची सूनच, खुरपं हातात घेऊन पोरीला देवळापाशी सोडून गेली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाई, हिला सांजपातूर हालू देऊ नका." तिच्या मागून सगळी आली. देव बाटण्यापेक्षा कांदा वाया जाणं गावाला महाग पडत होतं. मी कारणं विचारत बसले नाही. पोरं आली होती, मला तेवढंच हवं होतं.

पोरं आली, मी उतरेना, तक्रार लिहिता येईना. मग गावानं तिसरा मार्ग काढला. वर्षानुवर्षं न मिळणारी जागा एका बैठकीत मिळाली. भांडणाऱ्या भावक्या एक झाल्या. दगड आला, सिमेंट आलं, गवंडी आले, आणि पडक्या भिंतींतल्या शेळ्या हाकलून तिथं नवी खोली उभी राहू लागली. मला देवळातून बाहेर काढायचं म्हणून त्या गावानं शाळा बांधली. चैत्रात हनुमान जयंती होती, त्याच्या आत मंडप मोकळा हवा होता. हेडगुरुजी किल्ली घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, खिडक्यांना दारं नाहीत. दारं बसली. म्हटलं, फळा नाही. भिंतीत काळा गुळगुळीत फळा झाला. म्हटलं, जमीन मातीची आहे, पोरांचे कपडे खराब होतात. शहाबादी फरशी आली. गुरुजी काकुळतीला आले, "बाई, आता जयंती तोंडावर आली हो." मला पाण्याची टाकीसुद्धा मागायची होती, पण म्हटलं, फार ताणू नये. आजही वाटतं, मागायला हवी होती.

ज्या सकाळी आम्ही पाट्या, दप्तरं, हजेरी सगळं घेऊन नव्या खोलीत आलो, त्याच सकाळी देवळाशी माणसं जमली. खोलीच्या खिडकीतून मंडप समोर दिसायचा. बादल्या आल्या. मंडप धुतला, पायऱ्या धुतल्या, मग कुणीतरी तांब्यातून गोमूत्र शिंपडत फिरू लागलं. खिडक्यांची दारं मीच मागून घेतली होती. ती लावून घ्यावीत असं क्षणभर वाटलं. लावली नाहीत. पोरं खिडकीशी गोळा झाली. ज्यांना मी हात धरून लिहायला शिकवलं ती सगळी गजाला नाक लावून बघत होती, वस्तीतली आणि गावातली एकमेकांना ढकलत.

रूपालीनं विचारलं, "बाई, आजा देऊळ का धुतोय?"

खोटं सांगणं सोपं होतं. जयंती आहे, म्हणून धुतात. मी तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "तिथं मी बसले होते, म्हणून."

तिच्या कपाळाला आठी पडली. "पर मी बी बसली व्हते," ती म्हणाली. "तुमच्या म्होरंच. तुमी माझा हात धरला व्हता." मग तिनं आपला उजवा हात वर करून उलटासुलटा करून बघितला. "मला बी धुवायचं का?"

बाहेर पाणी पडल्याचा आवाज येत होता. माझ्या तोंडात त्या गावाला द्यायच्या इतक्या शिव्या आल्या होत्या की त्या वर्षभर पुरल्या असत्या. सगळ्या पोरांचे डोळे माझ्याकडं होते. मी तिचा तो हात माझ्या हातात घेतला, तिला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं आणि म्हणाले, "न्हाय. तुला वाचायचंय. पुस्तक काढ."